दोघांसमक्ष लिहिलेलं पान

सावरबोडी, ता. अर्जुनी मोरगाव
५ जुलै २०२४

चि. रुचीस टिकाराममामाचा आशीर्वाद, आणि त्यासोबत थोडी नाराजीही.

तुझा ईमेल ग्रामपंचायतीतल्या डिंपलने छापून माझ्या हातात दिला. घडी न घालता दिला, म्हणजे तिने वाचला. आता गावात आणखी किती जणांनी वाचला ते विचारत फिरत नाही. म्हणूनच हे पत्र लिहितो आहे. एकेचाळीस वर्षं पोस्टात काढली, बंद पाकिटावर माझा अजून भरवसा आहे. फोन करू नकोस. फोनवर बोललेलं नंतर कोणी कबूल करत नाही, आणि तुझ्या मामीला फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय ऐकू येत नाही.

तू लिहितेस की आपल्या तलाव संस्थेची वेबसाइट ज्या यंत्रणेवर चालते ती जुनी झाली, तिची मोठी नवी आवृत्ती आली आणि सप्टेंबरात सगळं नव्यावर न्यायचं. त्याआधी तयारी. तयारी म्हणजे काय, तर सगळ्या पानांची यादी करायची, नको ती पानं काढायची, मध्ये आठ दिवस कोणी काही बदलायचं नाही आणि शेवटी आमचा पासवर्ड रद्द. हे मी चार वेळा वाचलं. पानं काढायची, आम्हाला हात लावू द्यायचा नाही आणि किल्लीही काढून घ्यायची, याला आमच्याकडे दुसरं नाव आहे.

वेबसाइट उघडते, पाण्याच्या पाळीच्या तारखा दिसतात. मग बदलायची घाई कोणाला झाली? खरं सांग, केशोरावने तुला काही शिकवलं का?

पाच वर्षांपूर्वी तू ही वेबसाइट बनवून दिलीस तेव्हा तुझ्यासमोरच ठरलं होतं. तलावाच्या तुडुमाला, म्हणजे पाणी सोडायच्या त्या मोरीच्या दाराला, माझ्या आजोबांच्या काळापासून दोन कुलपं आहेत. एक किल्ली वरच्या टोल्यात, म्हणजे बांधाजवळच्या वस्तीत, एक खालच्या. एकट्याला पाणी सोडता येत नाही. तसाच पासवर्डही आम्ही वाटून घेतला. वरच्या टोल्याचा सचिव म्हणून अर्धा माझ्याकडे, खालच्या टोल्याचा अध्यक्ष म्हणून अर्धा केशोरावकडे. पान बदलायचं तर दोघांनी संस्थेच्या खोलीत बसायचं, आपापला अर्धा टाकायचा आणि दोघांसमक्ष लिहायचं. तू तेव्हा हसली होतीस. पण पाच वर्षांत तो पासवर्ड फुटलेला नाही. केशोराव तर आपला अर्धा टाकताना कीबोर्डवर पार ओणवा होतो, नाक टेकेपर्यंत, मला एक अक्षर दिसू नये म्हणून. त्याला दहा मिनिटं लागतात. पन्नास वर्षांची ओळख असून माणूस इतका संशयी कसा असतो, मला कळत नाही.

इटियाडोह धरणाचा कालवा आपल्या शिवारापर्यंत येत नाही. धान लोंबीवर आलं की हा तलाव आणि त्याची पाळी, एवढंच आपल्याकडे आहे. म्हणून लेखी सांगतो, जुनं असलं तरी एकही पान पुसायचं नाही. पत्र पोचल्याचं कळव.

टिकाराम पुस्तोडे
सचिव

गोंदिया
१२ जुलै २०२४

मामाजी, तुमच्या नाराजीला इथूनच वाकून नमस्कार, आणि मामीला नुसतं प्रेम.

पत्र पोचलं. पाकीट बंद होतं, मी चिकटवलेली कड उजेडात धरून तपासली.

केशोरावजींशी माझं गेल्या दिवाळीपासून बोलणंच नाही. घाई त्यांना नाही, मला आहे. आपली आवृत्ती ज्यांनी बनवली ते जानेवारीनंतर तिची डागडुजी करणार नाहीत. मग कोणी बाहेरचा आत शिरला तर त्याला अडवणारं कोणी उरत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाची अशीच जुनी वेबसाइट होती, आज करू उद्या करू म्हणत राहिला. एका सकाळी उघडली तर त्यावर जुगाराच्या जाहिराती. तुमच्या पाळीच्या पानावर ऐन ऑक्टोबरात तसं झालं तर चालेल का?

ही नुसती रंगरंगोटी नाही, घर बदलण्यासारखं काम आहे. सामान हलवण्याआधी आहे काय ते पाहावं लागतं. आपल्याकडे २१४ पानं आहेत. त्यांत वृक्षारोपणाच्या फोटोंचं एकच पान तीनदा आहे, आणि 'चाचणी चाचणी' नावाची सहा पानं आहेत, ती तुमचीच करामत. मी आधी सगळ्याची पूर्ण नक्कल काढून ठेवीन. मग बाजूला एका कोऱ्या जागेवर तालीम करीन. ती जमली तरच खऱ्या वेबसाइटला हात लावीन. आठ दिवस बदल बंद एवढ्यासाठी की मी सामान हलवत असताना तुम्ही मागून नवीन आणून ठेवलं तर ते रस्त्यातच राहील.

पासवर्ड काढून घेत नाही, उलट दोघांना आपापल्या नावाचा वेगळा देते आहे. नव्या व्यवस्थेत एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचून 'मान्य' दाबायचं. तोवर पान लोकांना दिसणारच नाही. दोन कुलपं राहतीलच, फक्त दुसऱ्याला वाचायचे कष्ट पडतील.

आणि पुसलं जाण्याची भीती तर मनातून काढूनच टाका. तुम्ही पान बदलून 'जतन करा' दाबता ना, तेव्हा ही यंत्रणा आधीचं पान फेकून देत नाही. त्याची प्रत आत ठेवते, तारीख आणि वेळेसकट. पाळीच्या पानाच्या अगदी पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या प्रती आहेत, आणि त्या मी नव्या घरात घेऊन जाणार आहे. उद्या कोणी म्हटलं की अमुक दिवशी पानावर असं होतं, तर आपण काढून दाखवू शकतो. आता तरी निर्धास्त व्हा.

तुमची रुची

सावरबोडी
४ ऑगस्ट २०२४

चि. रुची, सुखी राहा.

उत्तराला उशीर झाला. रोवणी चालू होती, मजूर मिळत नव्हते.

तुझं सगळं म्हणणं पटलं. खुशाल ने नव्या आवृत्तीवर. फक्त एक गोष्ट मी नीट विचार करून सांगतो. त्या जुन्या प्रती नेऊ नकोस. तूच म्हणतेस की घर बदलायचं आहे, मग भंगार कशाला बांधून न्यायचं? पोस्टातही ठरावीक वर्षांनी जुने कागद नष्ट करायचा नियमच होता आणि त्यात काही गैर नव्हतं. पाळीच्या पानाच्या तर २०२२ पर्यंतच्या प्रतींचा कोणाला काहीच उपयोग नाही, त्या विशेष करून काढ. त्यात काय आहे ते तू पाहिलंस का? पाहू नकोस असं मी म्हणत नाही, पण तुझा वेळ फुकट जाईल.

हे केशोरावला कळवू नकोस. परवा तो तलावाच्या बांधावर भेटला आणि मध्येच म्हणाला की भाची म्हणते जुनंही दिसतं म्हणे त्यात. त्याला हे कोणी सांगितलं? मी तर सांगितलं नाही. गेली दोन वर्षं हा माणूस माझ्याशी गोड बोलतो आहे. माझ्या धानाची चौकशी करतो, दिवाळीला घरी फराळ पाठवतो, रस्त्यात थांबून मामीच्या गुडघ्याचं विचारतो. आधी कधी विचारत नव्हता. मन साफ असलेला माणूस एवढा गोड बोलत नाही. त्याच्या पोटात काहीतरी आहे आणि तो वेळ पाहतो आहे, असं मला रोज वाटतं.

प्रती काढल्यास की एका ओळीचं पत्र टाक. खुलासा नको, नुसतं 'काम झालं' लिही.

मामा

गोंदिया
११ ऑगस्ट २०२४

मामाजी, नमस्कार करते, पण आज जरा थबकून.

जुलैत एकही पान पुसू नको म्हणालात आणि ऑगस्टात पूस म्हणता. वर 'विशेष करून २०२२' लिहिलंत. मी तर कुठल्या वर्षाचं नाव काढलं नव्हतं. जागेचं म्हणाल तर त्या सगळ्या प्रती मिळून तुमच्या मोबाइलमधल्या एका लग्नाच्या व्हिडिओएवढ्याही होत नाहीत.

दोघांच्या लेखी संमतीशिवाय मी काही पुसणार नाही. नियम तुमचाच आहे.

आता दुसरं. तुम्हाला पत्र टाकल्यावर तेच मी केशोरावजींनाही लेखी कळवलं होतं, ते अध्यक्ष आहेत, त्यामुळे चुगली कोणी केलेली नाही. परवा त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "बेटा, तो जुना सामान कायले नेऊन राहिलीस? पुसून टाक. अन् टिकारामले सांगू नको." हे मी तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्हीही त्यांना सांगू नको म्हणालात, आणि तुमच्या दोघांच्या मध्ये अशी लपवाछपवी करत बसायला मला जमत नाही.

दोन कुलपांचे दोन मालक एकाच गोष्टीवर माती टाकायला निघालेत, तेही एकमेकांच्या चोरून. माझ्या धंद्यात असं दिसलं की आम्ही आधी तीच जागा उघडतो. मी उघडणार आहे. त्याआधी तुम्हीच सांगितलंत तर मला बरं वाटेल. आठ दिवस थांबते.

रुची

गोंदिया
२२ ऑगस्ट २०२४

मामाजी,

अकरा दिवस झाले. परतीच्या टपालाने उत्तर देणाऱ्या माणसाचं पत्र आलं नाही. मी उघडून पाहिलं.

८ ऑक्टोबर २०२२, सकाळी ११:२०. पाळीच्या पानावर वरचा टोला १० ते १३ आणि खालचा टोला १४ ते १७. त्यानंतरची प्रत १२ ऑक्टोबरची, संध्याकाळी ५:०५. तिच्यावर नेमकं उलटं. खालचा टोला १० ते १३, वरचा १४ ते १७. बदलाचं कारण म्हणून तुम्ही लिहिलं आहे, 'शुद्धलेखन'.

त्या वर्षी परतीचा पाऊस आला नव्हता. तलावात पाणी कमी असलं की खालच्या टोल्याला आधी द्यायचं, कारण नंतर शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या खाचरापर्यंत, पाणी पोचत नाही, ही रीत मलाही माहीत आहे. त्या वर्षी वरच्या टोल्याला आधी गेलं. खालच्या टोल्याचं धान पोचट झालं. आणि दोष आला दुर्गेशवर, कारण पाळीच्या दिवसांत दोन्ही किल्ल्या त्याच्याच हाती देऊन पाणी सोडायला सांगत. तो म्हणत होता की पानावर होतं तसंच मी सोडलं. तोवर पान कोणी पाहिलंच नव्हतं, पाणी गेल्यावर लोकांनी उघडलं तर त्यावर खालचा टोला आधी. भर सभेत तो खोटारडा ठरला, आपल्याच खालच्या टोल्याशी फितूर झाला असा त्याच्यावर ठराव झाला. केशोरावजींनी, त्याच्या सख्ख्या काकांनी सांगितलं की पान दोघांसमक्ष लिहिलेलं आहे, चुकणार कसं. मला हे सगळं मामीने तेव्हाच सांगितलं होतं. दुर्गेश गाव सोडून गेला हेही तिनेच सांगितलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच तलावात मला पोहायला शिकवणारा दुर्गेश.

तो खरं बोलत होता, मामाजी.

आता मला काय वाटतं ते सरळ लिहिते. तुमची बांधी वरच्या टोल्यात आहे. पान तुम्ही लिहिता. तुम्ही पाणी आधी घेतलंत, मग पान सारखं केलंत, आणि केशोरावजींनी काही कारणाने डोळे मिटून घेतले. मी चुकत असेन तर मला लेखी कळवा.

वेबसाइट १६ सप्टेंबरला हलवते.

रुची

सावरबोडी
३० ऑगस्ट २०२४

रुची,

तुझं पत्र मामीला दाखवलं नाही. दाखवायची हिंमत झाली नाही.

मी चोर नाही. हे पहिलं वाक्य लिहून मी अर्धा तास बसलो होतो, कारण पुढचं लिहिल्यावर ते कितपत खरं उरतं ते मला ठाऊक नाही.

संस्थेची वही तू पाहिलेली आहेस. आपल्याकडे वही जमीन असते तशी लिहितात. वर तलावाचा बांध, त्याखाली बांधाजवळची शेतं, खाली खाली येत शेवटच्या ओळीत शेपटाची शेतं. पाळी मात्र कमी पाण्याच्या वर्षी शेवटच्या ओळीपासून वर मोजत यायची. जुनी माणसं डोळे मिटून मोजतात. त्या दिवशी मी वहीतून पान उतरवताना वरून खाली तारखा टाकल्या. सरळ, पहिल्या ओळीला पहिली तारीख. कॉम्प्युटरवर वरूनच लिहितात ना. माझ्या हाताने ते झालं आणि मला कळलंसुद्धा नाही. मी मोठ्याने वाचून दाखवलं, केशोराव शेजारीच होता, हो म्हणाला. मी दाबलं.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरला पोराकडे, अश्विनकडे गेलो. १२ तारखेला दुपारी परतलो तर माझ्या बांधीत पाणी. तेव्हा कळलं. तेव्हाच दुर्गेशकडे जाऊन दार बंद करायला सांगितलं असतं तर खालच्या टोल्याला अर्धं तरी मिळालं असतं. मी गेलो नाही. एकेचाळीस वर्षांत माझ्या हातून एक मनीऑर्डर चुकीच्या दारी गेली नाही, आणि आता पोराटोरांसमोर सांगायचं की मला वही उतरवता आली नाही. मी केशोरावला शुद्धलेखनाची चूक आहे म्हणून बोलावलं, त्याने अर्धा पासवर्ड टाकला, मी पान उलटं केलं. १३ तारखेचं पाणीही माझ्याच बांधीत आलं. मी ते येऊ दिलं.

मला वाटलं होतं दुर्गेशला चार शब्द बोलतील आणि विषय मिटेल. पण सभेत केशोराव उभा राहिला आणि बोलला की दोघांसमक्ष लिहिलं आहे. त्याने माझी बाजू घेतली असं लोकांना वाटलं. मला वाटलं की याला सगळं दिसलं आहे आणि आता हा मला आयुष्यभर मुठीत ठेवणार. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक शब्दाचा मी अर्थ लावत बसतो. तो फराळ पाठवतो तो मी न खाता बाजूला सारतो.

आता तुला माहीत आहे. तुझ्या मनात येईल ते कर. पण या वयात माझं नाव गेलं तर मी गावात तोंड कसं दाखवू? पुसता येत असेल तर पूस. मी तुझ्यापुढे हात जोडतो. तुझ्या आईच्या मोठ्या भावाला असं लिहावं लागतं आहे.

टिकाराम

गोंदिया
६ सप्टेंबर २०२४

मामाजी,

मी तुम्हाला पाणीचोर समजले, त्याची माफी मागते. अर्धीच मागते, कारण १३ तारखेचं पाणी तुम्ही स्वतःच लिहिलं आहे.

मी पुसणार नाही. कोणाला दाखवणारही नाही. तालीम झाली, सगळ्या प्रती नव्या घरात व्यवस्थित उतरल्या, त्या पानाच्याही. त्या तिथे राहतील आणि तुम्हाला रोज ठाऊक असेल की त्या तिथे आहेत. याहून जास्त मी तुमच्याशी कठोर होऊ शकत नाही, आणि कमीही नाही.

तुमचं नाव जाईल म्हणता. दुर्गेशचं दोन वर्षांपूर्वी गेलं. तो आता रायपूरला कुठल्याशा गोदामात सामान चढवतो. त्याची आई शामकलाबाई अजून तुमच्याच गावात पाणी भरते, तुमच्या दारावरून जाते. तुम्ही तिच्याशी काय बोलता?

केशोरावजींकडे जा. ते मुठीत ठेवणारे असते तर त्यांनी मला पुसायला कशाला सांगितलं असतं? मुठीतली वस्तू कोणी स्वतः फेकत नाही. एवढा संशय घेता, तर हाही घ्या.

रुची

सावरबोडी
१४ सप्टेंबर २०२४

चि. रुची,

मी गेलो होतो. काल सकाळी, केशोरावच्या घरी. काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

तो ओसरीत चष्मा पुसत बसला होता. मी उभ्यानेच सांगून टाकलं, वहीचं, पानाचं, १२ तारखेचं, सगळं. मला वाटलं तो म्हणेल की मला माहीत होतं. तो चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "टिकाराम, मले त तवा दिसतच नोहोता. दोन्ही डोऱ्यात मोतीबिंदू होता. तू वाचलास, मी हो म्हणलो."

म्हणजे तो कीबोर्डवर ओणवा व्हायचा तो मला अक्षरं दिसू नयेत म्हणून नव्हे. त्यालाच ती दिसत नव्हती. अध्यक्षाला वाचता येत नाही असं लोक म्हणतील म्हणून त्याने कोणाला सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात गुपचूप ऑपरेशन करून आला, आम्हाला सांगितलं लग्नाला गेलो होतो. आणि सभेत न वाचलेल्या पानाची ग्वाही देऊन बसला. पुतण्याची बाजू घेतो असं कोणी म्हणू नये म्हणून जास्तच जोरात दिली. नंतर त्याला शंका आली, पण विचारणार कोणाला? मला विचारलं असतं तर त्याचं उघडं पडलं असतं, आणि जुन्या प्रती निघाल्या तरी पडलं असतं, म्हणून त्याने तुला पुसायला सांगितलं. तो दोन वर्षं माझ्याशी गोड बोलून अंदाज घेत होता की मला किती कळलं आहे. आणि मी त्याच्या फराळात विष शोधत होतो.

आम्ही दोघं मग शामकलाकडे गेलो. ती त्याची भावजय, पण तोही दोन वर्षांत तिचा उंबरा चढला नव्हता. केशोराव बोलायला लागला आणि त्याला जमेना, म्हणून मीच सांगितलं. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. मी त्यासाठी तयार होऊन गेलो होतो. ती सूप बाजूला ठेवून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "माहा पोरगा मले रडून रडून सांगत होता, माय, पानावर तसाच होता. मी त्याले म्हणली, दोन दोन मानसं बसून लिवतेत, ते कसे चुकतीन? तूच खोटा बोलून राहिलास. म्हनून गेला तो. तुमच्यापायी नाई गेला, माह्यापायी गेला."

रुची, आमच्या दोन कुलपांवर गावाचा एवढा विश्वास होता की आईनेही पोराला खोटं ठरवलं.

तिने एकच सांगितलं. तो तिचा फोन उचलत नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. तुम्ही लिहून कळवा म्हणाली, लिहिलेलं तो वाचेल.

वेबसाइट ठरल्या दिवशी हलव. पहिल्या पानावर ८ तारखेची आणि १२ तारखेची, दोन्ही प्रती शेजारी शेजारी लाव. खाली काय लिहायचं ते सोबतच्या कागदावर दिलं आहे. मी लिहिलं आणि केशोरावने चष्मा लावून तीनदा वाचलं. एक शब्द बदलायला लावला. मी 'नजरचूक' लिहिलं होतं, त्याने 'चूक' करायला लावलं. सभा २० तारखेला बोलावली आहे.

मामा

सावरबोडी
२२ सप्टेंबर २०२४

दुर्गेश,

तुला आशीर्वाद लिहायचा आम्हा दोघांना आज अधिकार नाही, म्हणून सरळ सुरुवात करतो.

२०२२ च्या ऑक्टोबरात तू जे सांगितलंस ते खरं होतं. पानावर वरचा टोला आधी होता. पान टिकारामने चुकीचं उतरवलं. चार दिवसांनी त्याला कळलं तेव्हा त्याने तुला न सांगता, दार बंद न करता, पान बदललं. केशोरावला तेव्हा डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी त्याने पान वाचल्याची ग्वाही दिली. तू पानाप्रमाणे पाणी सोडलंस. तुझी काही चूक नव्हती आणि तू फितूर नव्हतास.

परवा २० तारखेला दोन्ही टोल्यांच्या सभेत हे आम्ही उभं राहून वाचलं. वाचून झाल्यावर खालच्या टोल्याच्या छोटेलालने विचारलं की तेव्हा काऊन नाही बोललात. दोन वर्षांपूर्वीच्या सभेत तुला सर्वांत मोठ्याने बोलणारा तोच होता, तो नंतर बाहेर जाऊन उभा राहिला. तुझ्यावरचा ठराव रद्द केला. आम्ही दोघांनी पदं सोडली. संस्थेची वेबसाइट नव्या आवृत्तीवर गेली आहे, तिच्या पहिल्याच पानावर त्या दोन्ही प्रती तारीख आणि वेळेसकट लावल्या आहेत. रुचीने लावल्या. रायपुरात तुला कोणाला दाखवायच्या असतील तर दाखव.

परत ये असं आम्ही म्हणत नाही. तो तुझा प्रश्न आहे. या पत्राला उत्तर दे असंही म्हणत नाही. तुझा पत्ता तुझ्या आईने दिला. तिच्यासाठी तू लुगडं पाठवलं होतंस, त्या पार्सलवरचा तुकडा तिने फाडून जपून ठेवला होता.

एकच मागतो. तिने तुला खोटा म्हटलं ते आम्हा दोघांच्या शब्दावर म्हटलं. आमच्याशी कधी बोलू नकोस, पण तिचा फोन उचल. ती रोज संध्याकाळी सातच्या सुमारास लावते.

टिकाराम पुस्तोडे
(लिहिलं)

केशोराव
(वाचलं)